पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार अशा रकान्यांच्या गर्दीत एक शब्द अंग चोरून बसलेला असतो: पोटखराबा. शेताच्या पोटातली जी जमीन पेरणीच्या कामाची नाही, ती पोटखराबा. कुठे खडक वर आलेला, कुठे मुरूम उघडा पडलेला, कुठे ओघळ गेलेला. लागवडीयोग्य क्षेत्रातून ती वजा होते आणि शेताचा सौदा ठरताना घेणारा तिच्याकडे बोट दाखवून भाव पाडतो. सोलापूर जिल्ह्यात असा सातबारा शोधत फिरावे लागत नाही. बार्शी, माढा, करमाळा, सांगोला, कुठल्याही तालुक्यात चहाच्या टपरीवर विषय काढा, खिशातून झेरॉक्स निघते.

पर्यावरणशास्त्राची पुस्तके बहुधा ‘परि’ आणि ‘आवरण’ यांच्या संधीपासून सुरू होतात. आपण तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू करू. निसर्गाबद्दल लोक बोलतात काय ते एक असते आणि दप्तरात नोंदवतात काय ते दुसरे. जमिनीचे बरेवाईट ठरते ते दुसऱ्यावरून.

या दप्तराचा उगम सोलापूरच्या शेजारीच आहे. कंपनी सरकारच्या प्रिंगल साहेबाने केलेली जमिनीची मोजणी फसली, शेतकरी गावे सोडून जाऊ लागले, तेव्हा 1836च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहायची आणि सोळा आण्यांच्या मापात तिची प्रत लावायची. खोल काळी माती सोळा आणे, उथळ बरड त्याच्या कितीतरी खाली. मागच्या पद्धतीपेक्षा ही सुटसुटीत होती, रयतेला त्या मानाने सुसह्यही. पुढे मुंबई इलाखाभर तीच चालली. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप घडली. ज्या जमिनीतून सरकारला महसूल नाही, ती जमीन हिशेबात रिकामी ठरली. तिथे गवत असो, मेंढरे असोत, पाखरे असोत, रकान्यात शून्य.

1866मध्ये अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला. त्याच्या मुळाशी घर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ‘इकॉनॉमी’च्या मुळाशीही तोच. एकीने घराचा जमाखर्च पाहायचा, दुसरीने घरात कोण कोण राहते, कोण कोणाच्या आधाराने जगते ते पाहायचे. इंदापुरात जमाखर्च लिहून झाला होता. घरात कोण राहते हे विचारायला आणखी शंभरेक वर्षे गेली.

तर मग या रिकाम्या घरात राहते कोण? सोलापूर-बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. तिथला माळ मे महिन्यात पाहिला तर तलाठ्याचे म्हणणे पटते. तांबूस-राखाडी जमीन, दगडगोटे, वाळलेल्या गवताचे खुंट. पायाखाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आणि त्याच्यावर वीतभर माती. पण हाच माळ सप्टेंबरात गुडघ्याएवढा हिरवा असतो: मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळ. पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि लहरीने. मग सातआठ महिने कोरडे. एवढ्या उथळ मातीत दाट जंगल उभे राहणार कसे? गवत मात्र या हिशेबात चोख बसते. वरचा भाग वाळवून टाकायचा आणि जीव मुळाशी राखायचा. जंगलाचा कार्बन खोडाफांद्यांत दिसतो, माळाचा बराचसा मुळांत आणि मातीत दडलेला असतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

या गवतांची एक कुळकथा सांगण्यासारखी आहे. कडक ऊन आणि कमी पाणी यांत अन्न तयार करण्याची त्यांची रीत बहुतेक झाडांहून वेगळी आणि काटकसरीची. मारवेल, पवन्या, कुसळ ज्या कुळातली, त्याच कुळातली आपली ज्वारी. आणि ऊसही! म्हणजे माळाचे गवत, भाकरीचे पीक आणि साखर कारखान्याची मोळी ही सगळी एकमेकांची चुलत भावंडे. सोलापूर जिल्ह्याचा पर्यावरणाचा इतिहास या तीन भावंडांच्या वाटणीचा इतिहास आहे असे म्हटले तर फार चुकणार नाही. वाटणीची गोष्ट पुढे येईल. आधी थोरल्याचे, माळाचे.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की माळ म्हणजे उजाड झालेले जंगल. पूर्वी इथे घनदाट अरण्य होते, माणसाने तोडले, गुरांनी चरले, उरला तो माळ. काही ठिकाणी हे खरेही आहे. पण दख्खनच्या पठाराला सरसकट ते लागू होत नाही. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात तरटीचे झाड दाखवतात. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने विठ्ठलापाशी देह ठेवला आणि तिथे तरटी उगवली, अशी श्रद्धा आहे. कथा श्रद्धेची, पण झाड वनस्पतिशास्त्राचे आहे. तरटी ही कोरड्या, उघड्या, काटेरी माळरानाची रहिवासी. पंधराव्या शतकातल्या संत स्त्रीच्या आठवणीला लोकांनी वड-पिंपळ जोडला नाही, माळावरचे काटेरी झाड जोडले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. मेंढरे राखणाऱ्यांचा देव मेंढरे चरतात तिथेच उभा राहणार. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुने मराठी वाङ्मय आणि लोककथा चाळून, त्यांत येणाऱ्या झाडांवरून पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ काही शतके तरी माळच असल्याचा पुरावा मांडला. संतकथा परिसंस्थेचा दस्तऐवज ठरतात, ही गंमत मला तरी फार आवडली.

धनगरांना हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागला नाही. त्यांच्या दृष्टीने माळ कधीच पडीक नव्हता. पावसाळ्यात माळ, दिवाळीनंतर वाडा हलवायचा, वाटेतल्या शिवारात रात्रीची मेंढरे बसवायची. लेंड्यांचे खत शेताला, ज्वारी धनगराला. लोकर घोंगडीला. या फेऱ्यात लांडगाही होता. एखादे कोकरू त्याचे. नान्नज परिसरातल्या लांडग्यांचा बिलाल हबीब यांनी शास्त्रीय अभ्यास केला आहे. मेंढपाळांच्या वाटा आणि लांडग्यांच्या वाटा एकाच माळावरून जातात. लांडगा जंगलात राहतो हे लहान मुलांच्या गोष्टीत. सोलापुरात तो उसाच्या कडेला आणि गवतात राहतो.

1972 या वर्षापाशी थोडे थांबायला हवे. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली. इंदिरा गांधी तिथे गेल्या आणि दारिद्र्य व प्रदूषण यांचा संबंध जगापुढे मांडला. त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. आमच्याकडे ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढेच म्हणतात, शतक सांगावे लागत नाही. खडी फोडणारी माणसे, सुकडी, रोजगार हमीची सुरुवात. स्टॉकहोममध्ये ज्या दोन टोकांवर चर्चा चालली होती, ती दोन्ही सोलापूरच्या एकाच शिवारात हजर होती. उपाशी माणूस आणि त्याच माळावर एक पक्षी.

माळढोकाबद्दल लोकांनी ऐकलेले असते, पाहिलेला क्वचित. नर उभा राहिला तर मीटरभर उंच, वजन बारा-पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार जगात थोडेच. विणीच्या काळात तो गळ्याखालची पिशवी फुगवतो आणि घुमल्यासारखा आवाज काढतो, त्यावरून त्याला हूमही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे बांधत नाही. तिचे संरक्षण म्हणजे दूरवर दिसणारी नजर आणि मातीत मिसळून जाणारा रंग. शत्रू येताना लांबून दिसला पाहिजे, यावर सगळा खेळ. सलीम अली यांना हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते, पण 1963मध्ये मान मोराला मिळाला.

सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे पक्षीप्रेमींनी उजेडात आणले आणि 1979मध्ये सरकारने अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचा. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा असे तालुके त्यात आले. त्यांतली गावे, बाजारपेठा, रस्ते, कारखाने सगळे अभयारण्यात. वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यात त्यातला अगदी छोटा तुकडा, बाकी खाजगी शेते. मग व्हायचे तेच झाले. जमिनीचे व्यवहार, बिनशेती परवानग्या, रस्ते, कालवे, जिथे तिथे अभयारण्य आडवे येऊ लागले. पक्षी कुणी पाहिलेला नाही, पण ‘माळढोकामुळे जमीन अडकली’ हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी. माणसाला पक्ष्याचा राग येण्यासाठी पक्ष्याने काही करावे लागत नाही, हे सोलापूर जिल्ह्याने सिद्ध केले. पुढे न्यायालयाच्या वाटेने जाऊन क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. अलीकडच्या गणनांत एखादा दिसतो, कधी तोही नाही. 2011मध्ये माळढोकाची नोंद ‘अतिशय संकटग्रस्त’ या जागतिक यादीत झाली. देशभरात आज दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. तिथे 2019पासून कृत्रिम पैदास केंद्र चालू आहे.

चूक कायद्याची होती का? निम्मी. क्षेत्र आखताना माणसे विसरली गेली हे खरे. पण दुसरी चूक प्रेमाने झाली, ती मला जास्त शिकवणारी वाटते. माळ पडीक, म्हणून त्याचे भले करायचे तर झाडे लावायची. 1952च्या वनधोरणाने एक तृतीयांश जमीन वनाखाली असावी असे ठरवले आणि तो आकडा आपल्या मनात असा बसला की उघडी जमीन दिसली की हात खड्ड्याकडे जातात. गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी. 2019च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. शाळेच्या मैदानावर, रस्त्याकडेला, जंगलतोड झालेल्या डोंगरावर झाड लावणे उत्तमच. पण गवताळ माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या की माळढोकाची दूरची नजर अडते, कावळ्या-घारींना बसायला जागा होते आणि उघड्यावरचे एकुलते अंडे त्यांना आयते सापडते. धाविक, चंडोल, पखुर्डी, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या भोवत्या, या सगळ्यांना उघडेपणच हवे असते. वृक्षारोपणाच्या फोटोत हे दिसत नाही.

आता मधले आणि धाकटे भावंड.

जिथे माळाची उथळ जमीन संपते आणि भीमा-सीनेच्या काठची खोल काळी माती सुरू होते, तिथे ज्वारीचे राज्य. ही रब्बीची ज्वारी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पावसाळा संपत आला की ती पेरतात. उत्तरा-हस्ताच्या पावसाने काळी माती पाणी पिऊन ठेवते आणि पुढचे चार महिने पीक त्या पुरचुंडीवर जगते. थंडीतले दव हा त्यावरचा वाणवळा. माती सुकते तशी तिला भेगा पडतात, भेगांतून ओल उडते. म्हणून कोळपे चालवून वरचा थर भुसभुशीत करायचा, भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी म्हणतात. 1933मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. ना. वि. कानिटकरांसारखे शास्त्रज्ञ तिथे मातीतली ओल मोजत बसले, आणि त्यांच्या शिफारशींत बांध, खोल नांगरट, विरळ पेरणी यांच्या जोडीला कोळपणीही आली. मोहोळच्या केंद्रातून निवडून आलेली मालदांडी ज्वारी अजून टिकून आहे. धान्य माणसाला, उंच कडबा जनावराला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारीत हुरड्याला पुण्याहून गाड्या येतात.

आणि ऊस. त्याला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. आभाळातून पडते त्याच्या तिप्पट-चौपट. उरलेले कुठून आणायचे? 1980मध्ये भीमेवर उजनी धरण पुरे झाले. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणजे धरण भरलेले दिसते पण कालव्याला नेहमीच्या वाटेने मिळते ते पन्नासएक टीएमसी. टंचाईच्या वर्षी वर्तमानपत्रात ‘उजनी वजा वीस टक्के’ असा मथळा येतो. बाहेरगावच्या माणसाला तो छपाईची चूक वाटतो. सोलापूरकराला त्याचा अर्थ लगेच कळतो. या धरणाच्या भरवशावर राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून सोलापूरची ओळख झाली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने 1999मध्येच कमी पावसाच्या भागातल्या उसाला आवर घालण्याचे सुचवले होते. अहवाल कपाटात गेला. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही, कारण ठरलेल्या दराने उचल होणारे पीक त्याच्यापुढे हे एकच होते. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, खरेदीदार क्वचित येतो. गंमत अशी की ज्या पाण्यावर ऊस वाढतो, त्यातले बरेचसे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन येते आणि उजनीच्या त्या फुगवट्यावर रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. इंदापूरच्या बाजूला लोक ते पाहायला होड्या करून जातात. विंगेट साहेबाने जिथे प्रती लावल्या तिथली कितीतरी सोळा आण्यांची जमीन आज त्या पाण्याखाली आहे.

इथे आपल्याला त्या बहुचर्चित शब्दापाशी यावे लागते. 1987मध्ये ब्रुंटलंड आयोगाने सांगितले की पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची ताकद न घालवता आजच्या गरजा भागवणे, हा विकास. मराठीत त्याला ‘शाश्वत विकास’ म्हटले गेले. हे भाषांतर करणाऱ्याला मी कधी भेटलो तर भांडेन. संतांच्या मराठीत शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही ते, आणि असे एकच. बाकी सगळे अशाश्वत. रस्ते, कारखाने, धरणे यांना शाश्वत म्हणताना जीभ अडखळायला हवी. सोलापुरी चादर घेणारी बाई ‘टिकाऊ आहे का?’ विचारते. वीण दाट आहे का, रंग जाईल का, किती धुण्या सोसेल. हा शब्द बरा होता. त्यात वापर गृहीत आहे, झीज गृहीत आहे आणि झीज किती हे मोजण्याचे भानही आहे. त्या मापाने पाहिले तर मेंढरे बसवलेले रान टिकाऊ, ओलीवरची ज्वारी टिकाऊ, आणि वजा वीस टक्क्यांवरचा ऊस दुसऱ्याच धुण्याला विरणारा.

पण टिकाऊपणाचे प्रश्न नेहमी असे काळे-पांढरे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकांच्या प्रदेशातल्या वीजतारा जमिनीखालून न्या, असा आदेश दिला. माळढोकाला बाजूचे छान दिसते, समोरचे कमी. जड शरीर, वळायला वेळ लागतो, आणि तारेवर आदळतो. या तारा कशाच्या? बहुतांशी सौर आणि पवन ऊर्जेच्या. मार्च 2024मध्ये न्यायालयाने आदेशात बदल केला, तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हाही नागरिकाचा हक्क असल्याचे म्हटले. एका पक्ष्याच्या खटल्यात हा हक्क जन्माला आला. कोळसा कमी व्हायला हवा यात शंका नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला 1,320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे, त्याला पाणीही भीमेचेच लागते. पण सौर पॅनेलसाठी जागा शोधताना आपण कोणती यादी काढतो? केंद्र सरकारने 2000पासून पडीक जमिनींचे नकाशे छापले, त्यांत झुडपी माळ हा एक प्रकारच आहे. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने दिली जातात. गायरान या शब्दात गायही आहे आणि रानही, तरी नकाशावर ते रिकामे.

1991मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. पुढे पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना तो विषय आला. सोलापूरच्या महाविद्यालयांतली मुले ॲमेझॉनचे जंगल, ओझोनचा थर, ध्रुवावरचे अस्वल यांवर टिपा लिहितात. लिहायलाच हव्यात. पण बसस्टँडवरून बार्शीची एसटी पकडून अर्ध्या तासात जिथे पोचता येते त्या माळावर एक प्रात्यक्षिक करता येण्यासारखे आहे, आणि खर्च सुतळीचा.

श्रावण-भाद्रपदात जा. नान्नजला नाही जमले तर गावातला कोणाचाही पोटखराबा चालेल, मालकाला विचारून. चार खुंट्या ठोकून मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट आखा. आत किती तऱ्हेची गवते आहेत ते मोजा. नावे येत नसली तर पानांवरून, तुऱ्यांवरून वेगळी करा आणि एखाद्या मेंढपाळ आजोबांना दाखवा. त्यांना नावे येतात, शिवाय कोणते मेंढरू खाते आणि कोणते हुंगून सोडते तेही. मग दहा पावलांवर दुसरी चौकट, तिसरी, दहावी. शेजारी गिरिपुष्पाची लागवड असेल तर तिच्या सावलीतही एक आखा. शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त जास्त वेळा.

दिवाळीनंतर त्याच जागी पुन्हा जा. घरी येताना कपड्यांत कुसळे रुतलेली असतील. चिडून फेकू नका. एक कुसळ घ्या. खाली टोकदार बी, वर पीळ घातलेली काळसर लांब शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब सोडा आणि थांबा. शेपटीचा पीळ उलगडू लागतो, कुसळ हातावर गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. माळावर रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हे रोज घडते आणि गिरमिटासारखे ते बी फिरत फिरत त्या मुरमात शिरते, जिथे नांगराचा फाळ घालायचे आपण केव्हाच सोडून दिले आहे.